लाइफटाइम लायसन्स महागलं: घ्यावं, भाड्यानं वापरावं की दुसरी वाट धरावी?

सॉफ्टवेअरच्या लाइफटाइम लायसन्सचा, म्हणजे एकदाच पैसे भरून कायम वापरायच्या परवान्याचा, भाव वाढणार अशी बातमी आली की गिऱ्हाईक चार वाटांनी जातं. कोणी जुन्या भावाची मुदत संपायच्या आत घाईनं घेऊन टाकतो. कोणी चिडून दुसरं सॉफ्टवेअर शोधतो. कोणी हातातली जुनी आवृत्ती चालेल तोवर चालवतो. आणि कोणी महिन्याच्या भाड्यावर जातो. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळकडच्या छोट्या धंद्यांच्या संगणकांचं आणि हिशोबाचं काम करताना मला हे चारही प्रकार भेटतात, आणि चौघांपैकी कोणीही बरोबर असू शकतो. फसगत होते ती वाढलेल्या आकड्याकडेच बघत बसल्यामुळे. खरं बघायचं ते हे, की एकरकमी पैसे भाड्याच्या तुलनेत किती वर्षांत फिटतात, आणि तेवढी वर्षं आपलं काम व ती कंपनी दोन्ही राहणार आहेत का.

आपल्याकडे सगळ्यात जास्त विचारलं जातं ते टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरबद्दल. एका संगणकासाठीच्या टॅलीप्राइम सिल्व्हरचं लायसन्स १८,००० रुपयांना मिळायचं, ते २२,५०० झालं. टीएसएस, म्हणजे दरवर्षीचं नूतनीकरण, ३,६०० वरून ४,५०० वर गेलं. भाडं महिन्याला ६०० होतं, ते ७५० झालं. या सगळ्यांवर १८ टक्के जीएसटी वेगळा. पहिल्या वर्षाचं टीएसएस लायसन्ससोबतच येतं, म्हणून वाढीव भावानं एकूण खर्च असा होतो:

| किती वर्षं | लायसन्स + दरवर्षी टीएसएस | भाडं |
|---|---|---|
| २ | २७,००० | १८,००० |
| ३ | ३१,५०० | २७,००० |
| ४ | ३६,००० | ३६,००० |
| ५ | ४०,५०० | ४५,००० |

चौथ्या वर्षी दोन्ही बाजू बरोबरीला येतात. आता जुन्या भावानं हाच हिशोब करा: १८,००० अधिक तीन वर्षांचं टीएसएस म्हणजे २८,८००, आणि चार वर्षांचं भाडंही २८,८००. तिन्ही आकडे सारखेच, २५ टक्क्यांनी वाढले, म्हणून चार वर्षांची रेषा जागची हललीच नाही. खिशाला भार पडला, तो कोणी नाकारत नाही. पण ज्याला पूर्वी लायसन्स परवडत होतं त्याला आजही भाड्यापेक्षा तेच परवडतं, आणि ज्याला नव्हतं त्याला आजही नाही. टीएसएस न भरता तीच आवृत्ती वापरत राहणार असाल तर पैसे अडीच वर्षांतच फिटतात. तसं केलं तरी लायसन्स बंद पडत नाही, फक्त नव्या आवृत्त्या आणि ऑनलाइन जोडणीच्या सोयी थांबतात.

हंगामी धंद्याचं गणित मात्र पूर्ण वेगळं. ज्याचं काम मार्च ते मे एवढंच आहे, अशा हापूसच्या व्यापाऱ्याला वर्षाला तीन महिन्यांचं भाडं २,२५० पडतं. २२,५०० म्हणजे त्याचे दहा हंगाम! ज्यानं बाग विकत न घेता हंगामापुरती करारानं घेतली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. भाडं संपलं की टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडतं. त्यात जुना हिशोब दिसतो, पण नोंदी महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच घालता येतात. नुसतं ताजं फळ विकणाऱ्याला त्यावर जीएसटी नाही, त्यामुळे वर्षभर रिटर्न भरायचा प्रश्न येत नाही. पण पल्प, लोणचं, काजूगर असं काही सुरू असेल तर रिटर्न बारा महिने चालू राहतात, आणि जीएसटीच्या नियमाप्रमाणे हिशोबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. बारा महिने नोंदी आणि सहा वर्षं दप्तर असं काम असेल तर माझा कौल सरळ लायसन्सला.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठी उलाढालीवर ठरावीक दरानं कर) असाल किंवा तुमची जीएसटी नोंदणीच नसेल, तर त्या १८ टक्क्यांची वजावट मिळत नाही. मग लायसन्स २६,५५० ला आणि भाडं महिना ८८५ ला पडतं, तुलना याच आकड्यांची करा. दोन खोल्यांच्या होमस्टेला तर यातलं काहीच लागत नाही. लिबरऑफिस फुकट आहे, त्यात बुकिंगचा आणि खर्चाचा तक्ता उत्तम बसतो.

लोक चिडले कसे हे बघायचं तर प्लेक्सचं उदाहरण घ्यावं. घरच्या संगणकावरचे व्हिडिओ टीव्हीवर, मोबाइलवर दाखवणारं हे सॉफ्टवेअर. ठाण्या-डोंबिवलीच्या घरात लग्नाच्या, बारशाच्या फिती साठवून ठेवायच्या आणि गणपतीत गावच्या घरी बघायच्या, असा त्याचा आपल्याकडे उपयोग होऊ शकतो. २९ एप्रिल २०२५ पासून त्यांचा लाइफटाइम पास ११९.९९ डॉलरवरून २४९.९९ वर गेला, म्हणजे दुपटीहून जास्त. शिवाय बाहेरगावाहून आपले व्हिडिओ बघणं पूर्वी फुकट होतं, त्यालाही पैसे लावले. वाढ मार्चमध्येच जाहीर झाली होती, त्यामुळे अनेकांनी मुदतीत जुन्या भावानं पास घेतला, तर बरेच जण चिडून जेलीफिन या फुकट पर्यायाकडे गेले. पण त्याच दिवशी वर्षाची वर्गणीही ३९.९९ वरून ६९.९९ झाली, हे लक्षात घ्या. पूर्वी लाइफटाइमचे पैसे तीन वर्षांत फिटायचे, त्या वाढीनंतर साधारण साडेतीन वर्षांत. राग यावा अशी वाढ होतीच, आणि जी सोय फुकट होती ती काढून घेणं मला भाववाढीपेक्षा जास्त खटकतं. तरीही त्या भावांनी पाच-सात वर्षं वापरणाऱ्याला वर्गणीपेक्षा लाइफटाइमच स्वस्त पडत होतं. जेलीफिन घेतलंत तर बाहेरगावाहून बघण्याची जुळणी तुमची तुम्हाला करावी लागेल. घरात संगणकातलं जाणणारं कोणी असेल तरच तिकडे जा.

जुनीच आवृत्ती धरून बसणारे जास्त करून छपाईवाले. फोटोशॉपवाल्या अडोबीनं २०१३ मध्ये जाहीर केलं की सीएस६ या आवृत्तीनंतर कायमच्या लायसन्सची आवृत्ती निघणार नाही, पुढे फक्त वर्गणी. तेव्हा हजारो लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या, कंपनी हलली नाही. त्याउलट प्रोग्रॅमरांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जेटब्रेन्सनं २०१५ मध्ये वर्गणी जाहीर केली तेव्हा ओरड झाली, आणि वर्षभर पैसे भरल्यावर एक आवृत्ती कायमची वापरता येईल अशी सोय त्यांनी दिली. ओरडण्याचा उपयोग होतो, पण त्याच्या भरवशावर धंद्याची आखणी करता येत नाही. लग्नपत्रिका आणि मंडळांचे अहवाल छापणाऱ्या प्रेसमध्ये जुनं कोरलड्रॉ आणि जुने मराठी फॉन्ट चालत असतील तर ते नुसत्या नव्या आवृत्तीच्या मोहानं बदलू नका. मात्र तो संगणक इंटरनेटपासून लांब ठेवा.

फुकटात दुसरीकडे जायचं तर ॲफिनिटी हे डिझाइनचं सॉफ्टवेअर आहे. मार्च २०२४ मध्ये कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइनच्या कंपनीनं ते विकत घेतलं आणि ३० ऑक्टोबर २०२५ ला फुकट केलं. कॅनव्हाचं खातं लागतं, आणि एआयच्या सोयींना वर्गणी. पूर्वीच्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरं नीट जुळत नसत, म्हणून आधी ‘श्री’, ‘ज्ञ’, ‘सुऱ्या’ टाइप करून बघा आणि मगच पत्रिकेची ऑर्डर घ्या. इंकस्केप या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मराठी छान उमटतं, पण ऑफसेटला लागणाऱ्या सीएमवायके रंगांची अडचण येते. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर हिशोबाच्या संगणकावर अजिबात नको. त्यातून व्हायरस शिरला तर सगळं दप्तर जातं.

जे सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालतच नाही, त्याचं ‘लाइफटाइम’ मी कोणालाच सुचवत नाही, मग ते कितीही स्वस्त असो. व्हीपीएनसिक्युअर ही इंटरनेट जोडणी खासगी ठेवणारी सेवा विकली गेल्यावर नव्या मालकांनी २०२५ मध्ये जुन्या लाइफटाइम ग्राहकांची सेवा बंद करून टाकली. आपल्याला हे सौदे माहीतच नव्हते, असं त्यांचं म्हणणं. उलट स्वतःच्या संगणकावर, नेट नसतानाही चालणाऱ्या सॉफ्टवेअरला आपल्याकडे जास्त किंमत आहे. पावसाळ्यात राजापूर-लांज्याच्या आतल्या गावांत नेट दोन-दोन दिवस येत नाही, तेव्हा बिल फाडायचं थांबत नाही.

लायसन्स घेणारच असाल तर विक्रेत्याला एक गोष्ट लेखी विचारा: संगणक गेला तर दुसऱ्यावर घालून मिळेल का? २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, त्यात दुकानांतले संगणकही गेले. संगणकाबरोबर आलेलं ओईएम विंडोज किंवा ऑफिस त्या यंत्रालाच बांधलेलं असतं, ते यंत्राबरोबर संपतं. खात्याला जोडलेलं लायसन्स दुसऱ्या यंत्रावर उभं करता येतं, पण त्यासाठी खरेदीचं बिल, लायसन्सचा क्रमांक आणि नोंदवलेला ईमेल लागतो. तो ईमेल विक्रेत्याचा नको, तुमचा स्वतःचा हवा, आणि बिलाचा फोटो दुकानाच्या संगणकावर नाही तर मोबाइलमध्ये ठेवा.