पासवर्ड आठवत नाही, लॅपटॉप कोरा करायचा आहे: कोणती वाट कोणासाठी

लॅपटॉपचा पासवर्ड आठवेनासा झाला की घरातले कोणी तरी लगेच 'फॉरमॅट मारून टाक' असे सांगते, आणि बहुतेक वेळा तेवढ्या एका वाक्यावर निर्णय होतो. प्रत्यक्षात विंडोज 10 किंवा 11 असलेला लॅपटॉप पासवर्डशिवाय मूळ स्थितीला आणण्याच्या तीन वेगळ्या वाटा आहेत, आणि त्यांच्या अलीकडे, काहीही न पुसता काम भागवणारी एक चौथी वाटही आहे. कोणती निवडावी हे दोन प्रश्नांवर ठरते: आतला डेटा हवा आहे का, आणि डिस्क बिटलॉकरने, म्हणजे डिस्कवरचा मजकूर सांकेतिक करून बंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीने, कुलूपबंद आहे का? पहिला प्रश्न सगळ्यांना सुचतो, दुसरा फारसा कोणाला सुचत नाही, आणि माझ्या पाहण्यात नुकसान झाले आहे ते याच दुसऱ्या प्रश्नापायी. पुढचे सर्व विवेचन अर्थातच स्वतःच्या मालकीच्या लॅपटॉपपुरते आहे.

पुसण्याच्या आधीची वाट

अनेकदा विसरलेला असतो तो पिन, पासवर्ड नव्हे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन होत असेल, तर लॉगिनच्या पडद्यावरूनच 'आय फर्गॉट माय पिन' निवडून मोबाइलवर किंवा ईमेलवर येणाऱ्या कोडच्या आधारे नवा पिन घेता येतो. पासवर्डच गेला असेल, तर तो दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून बदलता येतो. खाते स्थानिक असेल, म्हणजे ईमेलशी जोडलेले नसेल, तर विंडोज 10 च्या 2018 मधील 1803 या आवृत्तीपासून तीन सुरक्षा प्रश्नांची सोय आहे. मात्र ते प्रश्न आधीच भरलेले असावे लागतात. ही वाट फुकट आहे, वीस मिनिटांची आहे, आणि तिच्यात एकही फाइल जात नाही. ती पूर्ण चाचपून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विंडोजचे स्वतःचे रिसेट

लॉगिनच्या पडद्यावर उजवीकडे खाली पॉवरचे चिन्ह असते. शिफ्टचे बटण दाबून धरून तिथले 'रिस्टार्ट' निवडले की निळा पडदा येतो. त्यात 'ट्रबलशूट' आणि मग 'रिसेट धिस पीसी'. येथे दोन पर्याय मिळतात. 'कीप माय फाइल्स' हे नाव वाचून हायसे वाटते, पण या मार्गाने आल्यावर तो पर्याय साधारणपणे खात्याचा पासवर्डच मागतो, त्यामुळे पासवर्ड विसरलेल्या माणसाला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. शिवाय फाइल्स राहिल्या तरी बसवलेली सॉफ्टवेअर्स जातातच. राहतो तो 'रिमूव्ह एव्हरीथिंग', म्हणजे सगळे पुसून टाकणे.

त्यापुढे 'क्लाउड डाउनलोड' की 'लोकल रीइन्स्टॉल' असे विचारले जाते. पहिल्यात विंडोज नव्याने उतरवून घेतले जाते आणि त्यासाठी चार जीबीहून अधिक डेटा खर्च होऊ शकतो. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर मोबाइलचे हॉटस्पॉट लावून हे करायला बसू नये. दुसऱ्यात डिस्कवरच्याच फाइल्स वापरल्या जातात, त्यामुळे इंटरनेट लागत नाही. पण त्या फाइल्सच बिघडलेल्या असतील तर काम अर्ध्यावर अडते. लॅपटॉप विकायचा असेल तर डिस्क पूर्ण साफ करण्याचा पर्याय घ्यावा, स्वतःच वापरायचा असेल तर नुसत्या फाइल्स काढणे पुरे. जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कवर पूर्ण सफाईला कित्येक तास लागतात, म्हणून चार्जर लावूनच ठेवावा आणि वीज जाण्याच्या वेळा पाहून सुरुवात करावी.

कंपनीने दिलेली रिकव्हरी

लॅपटॉप सुरू होतानाच ठरावीक बटण दाबले की कंपनीची स्वतःची रिकव्हरी उघडते: एचपीमध्ये एफ 11, डेलमध्ये एफ 12 च्या यादीतून, एसरमध्ये ऑल्ट आणि एफ 10, तर लेनोव्होच्या अनेक मॉडेल्समध्ये कडेला असलेले छोटे नोवो बटण, जे काही ठिकाणी टाचणीनेच दाबावे लागते. वाय-फाय, टचपॅड, आवाज यांचे ड्रायव्हर, म्हणजे ते भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर्स, आपोआप परत येतात, हा या वाटेचा मोठा फायदा. तोटा असा की लॅपटॉप विकत घेतला तेव्हाचे विंडोज, तेव्हाच्या नको असलेल्या चाचणी सॉफ्टवेअरांसह, परत येते. 2019 मध्ये घेतलेल्या लॅपटॉपवर विंडोज 10 येईल, आणि त्याचा सर्वसाधारण आधार (सपोर्ट) 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपलेला आहे. मधल्या काळात डिस्क बदलली असेल, तर बहुधा ही रिकव्हरी शिल्लकच नसते.

पेनड्राइव्हवरून नवे विंडोज

दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल चालवून किमान 8 जीबीचा पेनड्राइव्ह तयार करायचा, त्यावरून लॅपटॉप सुरू (बूट) करायचा आणि डिस्कवरचे जुने विभाजन (पार्टिशन) काढून विंडोज नव्याने बसवायचे. हात थोडा बसलेला असेल तर ही सर्वांत खात्रीची वाट. मूळ विंडोज अधिकृत असेल तर परवान्याचा नवा क्रमांक (की) विकत घ्यावा लागत नाही, कारण परवाना त्या यंत्राशीच जोडलेला असतो. दुकानदाराने 'विंडोजचे वेगळे पैसे' मागितले तर हे सांगता आले पाहिजे. काही नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये मात्र डिस्क निवडण्याच्या पायरीवर यादी चक्क रिकामी दिसते. डिस्क खराब झालेली नसते. स्टोरेजचा ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून त्याच पेनड्राइव्हवर ठेवावा लागतो.

कुलूपबंद डिस्क

मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क मालकाच्या नकळत बिटलॉकरने कुलूपबंद झालेली असते. अशा वेळी रिसेट करायला गेले की 48 अंकांची रिकव्हरी की मागितली जाते. ती की नसली तरी पेनड्राइव्हच्या वाटेने लॅपटॉप कोरा करता येतो, पण मग जुना डेटा कोणत्याही दुकानात, कितीही पैसे मोजून परत मिळत नाही.

आमचे एक काका वारल्यानंतर त्यांचा लॅपटॉप काकूंनी माझ्याकडे दिला. आत नातवंडांचे फोटो होते. उबुंटू या विंडोजला पर्यायी असलेल्या मोफत प्रणालीचा पेनड्राइव्ह लावून, काहीही न बसवता, केवळ 'ट्राय'च्या पर्यायाने तो सुरू केला. डिस्कला कुलूप नसते तर फोटो तिथूनच बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवता आले असते, विंडोजचा पासवर्ड आडवा आलाच नसता. पण डिस्कवर क्लिक करताच तिने की मागितली. काकूंनी काकांच्या सिमचे रिचार्ज चालू ठेवले होते. त्या नंबरवर आलेल्या कोडने काकांचे मायक्रोसॉफ्ट खाते उघडले, आणि पडद्यावर दिसणाऱ्या की-आयडीची पहिली आठ अक्षरे खात्यातल्या नोंदीशी जुळवल्यावर सहा-सहा अंकांचे आठ गट मिळाले. शेजारच्या दुकानाने दोन दिवस आधी 'फॉरमॅट करून देतो' म्हटले होते.

मग निवड कशी करावी

डेटा हवा असेल, तर आधी खाते परत मिळवावे, ते न जमल्यास डिस्क उघडते का ते पाहावे, आणि तोवर रिसेटला हात लावू नये. डेटा नको असेल आणि विंडोज धड चालत असेल, तर लोकल रीइन्स्टॉल पुरेसे आहे. विंडोज आधीपासूनच रडतखडत चालत असेल, तर मी मधल्या दोन्ही वाटा सोडून सरळ पेनड्राइव्ह घेईन.

पुसण्यापूर्वी सॉफ्टवेअरच्या परवान्यांचाही विचार करावा. लॅपटॉपबरोबर मिळालेले कायमचे ऑफिस मायक्रोसॉफ्ट खात्याशी बांधलेले असते. जुने खाते न मिळाल्याने नवे उघडले, तर ते ऑफिस नव्या खात्यात येत नाही. डीटीपीची कामे करणाऱ्यांनी कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टच्या फाइल्स जपून ठेवाव्यात, नाही तर वाचवलेला मराठी मजकूरही उघडल्यावर अगम्य अक्षरांचे कडबोळे दिसेल.

आणि लॅपटॉप नोकरीच्या ठिकाणचा असेल, तर यातले काहीही करू नये. कंपनीने ऑटोपायलटमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या कंपन्यांसाठीच्या नोंदणी-सेवेत, नोंदवलेला लॅपटॉप कितीही वेळा कोरा केला, तरी इंटरनेट मिळताच पुन्हा त्याच कंपनीचे लॉगिन मागतो. जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्यांनीही पैसे देण्याआधी बिल पाहावे, आणि दुकानात उभे राहूनच वाय-फाय जोडून पहिल्या पायऱ्या पार करून घ्याव्यात; कोणा अनोळखी कंपनीचे नाव पडद्यावर उमटले, तर व्यवहार तिथेच थांबवावा.