हॅमस्ट्रिंग दुखावल्यावर: रोमानियन डेडलिफ्ट की नॉर्डिक कर्ल?

धावताना मांडीचा मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, एकदा दुखावला की पुन्हा दुखावण्याची धास्ती राहतेच. सुरुवातीला मी रोमानियन डेडलिफ्टच्याच बाजूने आहे, म्हणजे पाठ सरळ ठेवून, गुडघे किंचित वाकवून कंबरेतून पुढे वाकायचं आणि पुन्हा उभं राहायचं. रिकाम्या हातांनी सुरू करून वजन हळूहळू वाढवता येतं, आणि कंबरेतून वाकताना कळ यायच्या अलीकडे थांबता येतं.

नॉर्डिकमध्ये ही सोय कमी. गुडघे टेकलेले, घोटे कुणीतरी घट्ट धरलेले, अख्खं अंग सावकाश पुढे झुकतं. शेवटी मांड्या थरथरतात आणि तळहात जमिनीवर आदळतात. पण दुखापत टाळण्यासाठी फुटबॉलपटूंवर झालेल्या अभ्यासांत याच व्यायामाची बाजू भक्कम ठरली आहे. म्हणून वेदनेशिवाय धावता येऊ लागलं की तो आणावाच, मोजक्या आवर्तनांनी. सामन्याच्या आदल्या दिवशी मात्र नको, सुरुवातीला मांड्या फार भरून येतात.