प्राण्यांच्या वेगाचे पत्ते: डबा घ्या, आकडे तेवढे तपासून घ्या

ग्वाल्हेरला बाड्याच्या आसपासच्या खेळण्यांच्या दुकानांत सध्या प्राण्यांच्या वेगावरचा एक पत्त्यांचा डबा दिसतो. पिवळं पुठ्ठ्याचं खोकं, आत ३६ पत्ते, वेग दाखवणारी एक फिरती चकती, ३० सेकंदांचं वाळूचं घड्याळ, दहा मीटरची सॅटिनची फीत आणि चार कोरे पत्ते. छापील किंमत ३४९ रुपये. घासाघीस केली तर तीनशेला सुटतो. खोक्यावर ‘वय ४ ते १०’ असं छापलंय. चार वर्षांच्या आणि दहा वर्षांच्या मुलाला एकच खेळ कसा पुरणार, हा विचार काही कोणी केलेला दिसत नाही.

पत्ते जाड आहेत, कोपरे गोल आहेत, लहान मुलांच्या हातात टिकतात. लॅमिनेशन मात्र एकाच बाजूला आहे, त्यामुळे ग्वाल्हेरच्या मे महिन्यात ते पन्हाळीसारखे वळतात. रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवले की सरळ होतात.

डब्यातल्या नियमाप्रमाणे दोघांनी एकेक पत्ता टाकायचा आणि ज्याचा आकडा मोठा त्याने दोन्ही उचलायचे. इथेच गाडं अडतं. दोन डावांत मुलांना ‘चित्ता १२०, ससाणा ३८९’ पाठ होतं, पण १२० म्हणजे किती हे विचारलं तर उत्तर येतं, “खूप!” सहा वर्षांच्या मुलाला तास कळत नाही आणि किलोमीटर तर त्याहून कळत नाही. मग ताशी किलोमीटर कुठून कळणार? चकतीवरही तेच आकडे आहेत. ती बाजूला ठेवली तरी काही बिघडत नाही.

मुलांना कळते ती एक टाळी. टाळी वाजल्यापासून पुढची टाळी वाजेपर्यंत, म्हणजे एका सेकंदात, कोण कुठवर पोचतं एवढंच दाखवायचं. ताशी किलोमीटरच्या आकड्याला ३.६ ने भागलं की सेकंदाला किती मीटर ते मिळतं. हे गणित मोठ्यांनी आधीच करून ठेवायचं, मुलांसमोर फक्त दोरी पसरायची.

दोरी सुती घ्या, २७ मीटर. डब्यातली सॅटिनची फीत ओढली की ताणते, आणि कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरीही तशीच. दोरीला गाठी मारून खुणा करू नका. प्रत्येक गाठ काही सेंटिमीटर दोरी खाते आणि शेवटची खूण भलतीकडेच जाते. दोरी जमिनीवर सरळ पसरून टेपने मापं घ्या आणि त्या त्या जागी रंगीत चिंध्या बांधा. कासवाची चिंधी २८ सेंटिमीटरवर, हत्तीची ७ मीटरवर, उसेन बोल्टची सव्वाबारा-साडेबाराच्या मध्ये, शर्यतीच्या घोड्याची साडेएकोणिसावर, काळविटाची २२ वर आणि चित्त्याची २६ वर (पत्त्यावरचे १२० नव्हे, ताशी ९३ धरून; का ते पुढे येतंच). क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटरची असते. म्हणजे चित्ता एका टाळीत अख्खी खेळपट्टी ओलांडून वर सहा मीटर पुढे जातो. क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला याहून जास्त काही सांगावं लागत नाही. चित्त्याची एक ढांग साधारण सात मीटरची असते, तेव्हा एका सेकंदात तीन-चार ढांगा. त्या खडूने आखून दाखवा आणि मुलाला एका ढांगेचं अंतर किती उड्यांत कापता येतं ते बघू द्या.

टाळ्यांसाठी फोनवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टकटक करणारं ॲप, मिनिटाला ६० वर लावा. तोंडाने ‘एक, दोन’ मोजलं की मुलांची लय हमखास घाईची होते.

मुलाची स्वतःची खूण करताना एक चूक सगळीकडे होते. प्राण्यांचे आकडे पूर्ण वेगात आल्यानंतरचे असतात आणि मूल उभ्या जागेवरून सुटतं. त्याला रेषेच्या पाच मीटर मागून पळत येऊ द्या, रेषा ओलांडताना घड्याळ सुरू करा, पुढच्या दहा मीटरला किती सेकंद लागले ते बघा आणि दहाला त्याने भागा. अडीच सेकंद लागले तर चिंधी चार मीटरवर. घड्याळ हाताने चालवताना दोन-तीन दशांश सेकंदांचा फरक पडतोच, म्हणून तीनदा पळवून मधला आकडा धरा. याच कारणामुळे दहा मीटर ठरवून सगळ्यांची वेळ मोजायची ही डब्यातली सूचना चालत नाही. चित्ता दहा मीटर ०.३९ सेकंदात कापतो. तेवढ्यात माणसाचा अंगठा बटणावर जेमतेम पोचतो.

सत्तावीस मीटर गच्चीवर मावत नाहीत. शाळेचं मैदान किंवा फूलबागेतली मोकळी जागा लागेल, तीही उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत. घरातच करायचं असेल तर दहापट लहान करा: चित्ता २.६ मीटर, हत्ती ७० सेंटिमीटर, कासव तीन सेंटिमीटरला थोडं कमी. गोगलगाय मात्र या मापात दिसतच नाही. तिला टाळी सोडून मिनिट द्यावं लागतं.

आता आकड्यांकडे. डब्याची खरी दुखरी नस हीच आहे. गोगलगायीच्या पत्त्यावर ताशी ०.०५ किलोमीटर छापलंय. इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या काँगहॅम गावात गोगलगायींच्या शर्यती होतात. तिथे १९९५ साली आर्ची नावाच्या गोगलगायीने १३ इंच, म्हणजे ३३ सेंटिमीटर, दोन मिनिटांत पार केले. हिशोब केला तर ताशी ०.०१ किलोमीटर. विक्रम करणारीच्या पाचपट वेग साध्या बागेतल्या गोगलगायीला कुठून आला? आर्चीचा आकडा मुलांना दाखवायलाही सोपा आहे. मिनिटाला साडेसोळा सेंटिमीटर, म्हणजे कंपासपेटीतल्या १५ सेंटिमीटरच्या पट्टीपेक्षा जरा जास्त. पट्टी टेबलावर ठेवून मुलाने बोट गोगलगायीच्या चालीने सरकवायचं, पूर्ण मिनिटभर. हे वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे. बोट पुढे पळतंच.

चित्त्याचे १२० ही असेच ऐकीव. बोट्सवानात जंगली चित्त्यांच्या गळ्यात पट्टे बांधून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३६७ धावांत सर्वाधिक वेग ताशी ९३ किलोमीटर निघाला आणि बहुतेक धावा त्याहून बऱ्याच हळू होत्या. सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयातल्या सारा या मादीने २०१२ मध्ये शंभर मीटर ५.९५ सेकंदांत कापले, ते सपाट आखलेल्या वाटेवर. वरची चिंधी ९३ धरून आहे. या पत्त्यावर आणखी एक वाक्य खोडायला हवं, ‘फक्त आफ्रिकेत आढळतो’. इराणात थोडे चित्ते आजही आहेत, आणि सप्टेंबर २०२२ पासून आपल्या शेजारच्या श्योपूर जिल्ह्यात कुनोमध्येही आहेत. ग्वाल्हेरची मुलं हे वाक्य वाचताच भांडायला उठतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.

सेलफिशच्या पत्त्यावरचे १०९ फ्लोरिडातल्या एका जुन्या मासेमारी तळावरून आलेत. गळाला लागलेल्या माशाने तीन सेकंदांत ९१ मीटर दोरा ओढला, एवढ्यावरून काढलेला तो आकडा. पुढच्या अभ्यासांनी तो सेकंदाला १० ते १५ मीटरांच्या आत आणून ठेवलाय, म्हणजे फार तर ताशी ५४ किलोमीटर. ससाण्याचे ३८९ खरे धरले तरी ते वरून सूर मारतानाचे. सपाट उडताना तो ताशी शंभरेक किलोमीटरवर येतो. सूर आणि धाव एकाच रांगेत मांडून ‘कोण जिंकलं’ विचारणं हा काही न्याय नाही.

थोड्या मोठ्या, आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी आकड्याखालच्या मोकळ्या जागेत सीडी मार्करने ‘दम’ असा दुसरा रकाना लिहून काढावा. साधं बॉलपेन लॅमिनेशनवर पुसलं जातं. चित्त्याची एक धाव सरासरी १७३ मीटरची. अमेरिकेतलं प्राँगहॉर्न हरीण ताशी ५६ किलोमीटरने सहा किलोमीटर पळत राहतं. खेळताना आधी फासा टाकायचा: सम आला तर वेगाचा आकडा मोजायचा, विषम आला तर दमाचा. चित्ता हातात असूनही डाव जातो तेव्हा मुलं पत्ता उलटून वाचायला लागतात. सगळ्या प्राण्यांच्या दमाचे खात्रीचे आकडे मिळत नाहीत. ज्यांचे मिळतील तेवढेच पत्ते या डावात घ्यावेत.

चित्रं सुबक आहेत, पण मांजर आणि हत्ती एकाच मापाचे. शिवाय सगळ्यांना धावताना काढायचा मोह आवरलेला नाही. हत्ती चारही पाय हवेत उचललेला दाखवलाय. जोरात जाताना ताशी २५ किलोमीटर गाठणाऱ्या हत्तीचाही एखादा पाय जमिनीवर असतोच. मगरीच्या पत्त्यावर नाव मगरीचं आणि लांब निमुळतं तोंड घडियालाचं, तेही चक्क उड्या मारत. मोठ्या घडियालाला जमिनीवर पोट उचलून नीट चालताही येत नाही, तो घसटत सरकतो. मुरैन्याजवळ देवरीला घडियाल पाहून आलेल्या मुलाला हा पत्ता दाखवू नका, नाहीतर आधी चित्राचीच चर्चा होईल.

चार-पाच वर्षांच्यांना आकडे नकोतच. ‘माझ्यापेक्षा हळू’, ‘माझ्याएवढा’ आणि ‘माझ्यापेक्षा जोरात’ असे तीन ढीग करायला द्या. वीस मिनिटं आरामात जातात.

वाळूच्या घड्याळावर भरवसा ठेवू नका. श्रावणात वाळू दमट होऊन मध्येच अडकते. विकत घेताना दुकानातच फोनशी ताडून बघा आणि चार-पाच सेकंदांचा फरक असेल तर डबा बदलून मागा. बरोबर चालणारं मिळालं तर ते कासवापुरतं कामाचं आहे. २०१४ मध्ये विक्रम केलेल्या बर्टी या कासवाच्या चालीने तीस सेकंदांत ८ मीटर ४० सेंटिमीटर होतात, आणि मूल तेवढं अंतर तेवढ्याच वेळात चालायला गेलं की थांबत थांबत जावं लागतं.

डबा घेऊन थेट फूलबागेतल्या गांधी प्राणी उद्यानात जायचं असेल तर वेगवान पत्ते घरीच ठेवा. कुंपणाआड कुठलाही प्राणी पूर्ण वेगाने पळत नाही, दुपारी तर बहुतेक झोपलेले असतात. सकाळी जा, जाळीचे दोन खांब धरा आणि हरीण एकापासून दुसऱ्यापर्यंत चालत जायला किती टाळ्या घेतं ते मोजा. खांबांमधलं अंतर बाहेरून पावलांनी मोजता येतं.

तीनशे रुपयांत पत्ते आणि चार कोरे पत्ते एवढंच खरं हाती लागतं. दोरी, चिंध्या आणि मार्कर मिळून शंभराच्या आत होतात. कोऱ्या पत्त्यांवर पहिलं नाव मुलाचंच घाला, त्याच्या स्वतःच्या आकड्यासह. उरलेल्या तिघांवर घरातलं कुत्रं, आजी आणि गल्लीतली गाय चालेल. आजीचा आकडा मात्र तिला विचारूनच लिहा.