सिबिल खराब, घर म्हाडाचं: विश्रामबागेतला कर्ज सल्लागार

सोडतीत नाव लागलं तरी कर्ज बँकेकडूनच काढायचं, आणि तिथे सिबिल (जुनी कर्जं कशी फेडली त्यावरून ठरणारा स्कोअर) आडवं येतं. सांगलीचा हा सल्लागार आधी चारही क्रेडिट कंपन्यांचे रिपोर्ट काढायला लावतो. (वर्षाला एकेक फुकट मिळतो, त्याचे पैसे कुणालाही देऊ नका.) जुन्या क्रेडिट कार्डापुढे ‘सेटल्ड’ (म्हणजे तडजोडीने कमी पैसे भरून मिटवलेलं) दिसलं, की उरलेली रक्कम भरून नो ड्यूज (काही बाकी नसल्याचं पत्र) घ्यायचं आणि नोंद ‘क्लोज्ड’ करून घ्यायची. चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत निकाली निघायला हवी. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. हे काम चोख. पण अर्ज मात्र चार-पाच बँकांत एकदम टाकतो, हे चुकतं. प्रत्येक चौकशीची नोंद राहते, स्कोअर आणखी घसरतो. एकच बँक धरायला सांगा आणि गहाणासाठी म्हाडाचं ना-हरकत पत्र वेळेत मागून घ्या.