घरी बनवलेला टेल गायरो: आठ महिने उडवल्यानंतर

माझ्या ४५० आकाराच्या, रिमोटवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरवर (हेलीवर) आठ महिन्यांपासून मी स्वतः जोडलेला गायरो, म्हणजे शेपूट आपोआप स्थिर ठेवणारं उपकरण, आहे. तो बनवायला दोन संध्याकाळ पुरल्या. शेपूट खरोखर स्थिर व्हायला मात्र तीन महिने गेले, आणि सांगण्यासारखं जे आहे ते त्या तीन महिन्यांतलंच आहे.

सामान थोडंच लागतं. एमपीयू-६०५० चिपचा तयार बोर्ड, १६ मेगाहर्ट्झचा आर्डुइनो प्रो मिनी हा छोटा कंट्रोलर बोर्ड, रिसीव्हरकडून रडर (डावी-उजवीकडे वळण्याचा हुकूम) आणि गेन (गायरोने किती जोराने सावरायचं ते) अशी दोन चॅनेल, आणि टेल सर्वोकडे, म्हणजे टेल ब्लेड हलवणाऱ्या छोट्या मोटरकडे, जाणारी वायर. हेली किती वेगाने वळतेय ते चिप सांगते, किती वेगाने वळायला हवी ते स्टिक सांगते. या दोघांतला फरक भरून निघेल एवढा टेल ब्लेडचा पिच (कोन) बदलायचा, की झाला रेट मोड. तोच फरक साठवत नेला की हेडिंग होल्ड, म्हणजे नाक ठरलेल्या दिशेलाच धरून ठेवणं. चिपची मर्यादा मी आधी सेकंदाला २५० अंश ठेवली होती, कारण त्यात बारकावा जास्त मिळतो. पण जोरात गिरकी घेतली की हेली तेवढा वेग सहज ओलांडते आणि पुढचं गायरोला दिसतच नाही. आता २००० वर आहे.

पहिल्याच उड्डाणात सर्वो गुणगुणत होता आणि खाली उतरल्यावर हात लावला तर चांगलाच तापलेला. कारण कंपन. मुख्य रोटर मिनिटाला २५०० फेरे म्हणजे सेकंदाला ४२ च्या आसपास, आणि टेल रोटर त्याच्या चौपटीहून जास्त. ही सगळी थरथर चिपला ‘वळणं’च वाटते. मी सोपा रस्ता धरला. चिपमध्येच थरथर गाळणारा फिल्टर असतो, तो १० हर्ट्झवर आणला. सर्वो शांत झाला, पण शेपूट लंबकासारखी डावी-उजवी डोलायला लागली. गेन कमी केला की डोलणं थांबायचं, पण मग वाऱ्याच्या झुळकीबरोबर नाक भरकटायचं. महिनाभर मी गेनच्याच मागे होतो आणि चूक तिथे नव्हतीच. १० हर्ट्झच्या फिल्टरमुळे मोजमाप १३ मिलिसेकंद उशिरा हाती येतं. गायरो शेपटीला सावरायचा, पण शेपूट तोवर पुढे गेलेली असायची.

शेवटी हेली उघडली. टेल शाफ्ट (टेल रोटरचा दांडा) काचेच्या तुकड्यावर ठेवून बोटाने हळू घरंगळवला, तेव्हा दर फेऱ्याला त्याच्याखाली केसाएवढी उजेडाची फट उघडत होती आणि मिटत होती. तेवढा वाक डोळ्याला एरवी कधीच दिसला नसता. नवा शाफ्ट टाकला, ब्लेड तोलून घेतले, बोर्डाखालची जाड फोम टेप काढून पातळ, घट्ट टेप लावली आणि वायरी ताण न देता सैल वळवल्या. त्यानंतर फिल्टर ९८ हर्ट्झवर नेता आला. उशीर तीन मिलिसेकंदांच्याही आत आला, गेन दीडपट वाढवला, तरी शेपूट जागची हलली नाही. त्या दिवशी नाक वाऱ्याला आडवं धरून हेली एका जागी तरंगताना पाहिली, तो आनंद विकतच्या गायरोने मला कधी दिला नव्हता.

दोन गोष्टी जपाव्या लागतात. चिप तापमानाला हळवी आहे. गार खोलीतून उन्हात नेऊन लगेच चालू केली की पाच मिनिटांत नाक हळूहळू सरकायला लागतं. मी हेली आधी उन्हात थोडी मुरू देतो, मग बॅटरी जोडतो. सुरुवातीला गायरो हजार वेळा मोजून आपला शून्य ठरवतो, तेव्हा हेलीला हात लावायचा नाही. दुसरं म्हणजे दिशा. सर्वो बदलल्यावर एकदा मी ती तपासली नाही. नवा सर्वो उलटा फिरणारा निघाला, हेली जमीन सोडताच गरगरली आणि टेल ब्लेड गेले. आता मोटरच्या वायरी काढून हेली हातात धरतो आणि नाक डावीकडे वळवतो. उजवी स्टिक दिल्यावर सर्वो ज्या बाजूला जातो त्याच बाजूला तो गेला, तरच उडवतो.

जमिनीवर हेडिंग होल्डमध्ये सर्वो सावकाश एका टोकाला जाऊन बसतो. तो दोष नाही, फरक साठतोय एवढंच. थ्रॉटल खाली असताना साठा शून्य करणारी एक ओळ मी घातली आहे.

विकतचा चांगला गायरो अजून एका बाबतीत पुढे आहे. वेगाची गिरकी थांबवताना माझी शेपूट एका बाजूला चोख थांबते आणि दुसऱ्या बाजूला एक झोका घेते, कारण मुख्य रोटरचा टॉर्क (हेलीला उलट वळवणारा जोर) एका दिशेला मदत करतो आणि दुसऱ्या दिशेला आड येतो. दोन्ही बाजूंना वेगळा गेन देऊन झोका अर्ध्यावर आलाय. थ्रीडी (उलटसुलट कसरती) उडवणाऱ्याला तेवढाही खुपेल. शांत उड्डाण करणाऱ्याने आणि टेल कशी चालते हे समजून घ्यायचं असलेल्याने जरूर बनवावा.

सध्या कलेक्टिव्हचं (मुख्य ब्लेडच्या पिचचं) चॅनेलही गायरोला जोडलंय. पिच अचानक वाढला की शेपूट हलण्याआधीच टेलला थोडा पिच मिळावा, हा हेतू. हातात धरून सर्वो बरोबर बाजूला जातोय, वारा पडला की उडवून बघणार.