ट्रे की बास्केट: ताट-वाटीत जेवणाऱ्या घराचा डिशवॉशर

डिशवॉशर घ्यायचा हे तुमचं ठरलंय, साठ सेंटिमीटर रुंदीचा मोठाच घ्यायचा हेही ठरलंय, आणि आता दुकानात दोन प्रकारांपुढे पाय अडलाय, असं मी धरून चालतो. एका प्रकारात अगदी वर, छताला लागून, चमच्यांसाठी तिसरा उथळ ट्रे असतो. दुसऱ्यात दोनच रॅक आणि चमच्यांसाठी खालच्या रॅकमध्ये ठेवायची एक बास्केट. ट्रेवालं मॉडेल सहसा थोडं वरच्या किमतीचं असतं, आणि विक्रेताही आधी तेच उघडून दाखवतो. बॉश, सीमेन्स, आयएफबी, एलजी, नाव कुठलंही असो, माझ्या मते आपल्या घरांपुरता खरा प्रश्न कंपनीचा नाही, या आतल्या रचनेचा आहे.

मी दोन्ही वापरली आहेत. 2020 च्या टाळेबंदीत आमच्या पुण्यातल्या सोसायटीचं फाटक कामाच्या मावशींना बंद झालं आणि पाच माणसांची भांडी घरावर आली. आईची बोटं तेव्हाही दुखायची. आम्ही कितीही वाटण्या केल्या तरी दुपारची भांडी ती आमची ऑफिसची कॉल चालू असताना गुपचूप उरकून टाकायची. म्हणून त्याच पावसाळ्यात पहिलं मशीन घेतलं, ट्रेवालं. ते तीन वर्षं चाललं आणि अजूनही चालू आहे, फक्त आमच्याकडे नाही. 2023 च्या दिवाळीआधी बास्केटवालं आणलं. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते एका स्वयंपाकघराच्या अनुभवावरून, मोजमापाची यंत्रं लावून नव्हे.

धुलाईत मला फरक दिसला नाही. रश्श्याचा तवंग, वरणाच्या पातेल्याला धरलेली खरपुडी, तळणीची कढई, ही सगळी दोन्ही मशीनमध्ये सत्तर अंशांच्या कार्यक्रमावर नीट निघतात. पाणी दोन्हीकडे फेरीला दहा लिटरच्या आसपास, वीज साधारण एक युनिट. या आकड्यांवरून निवड करायला जाल तर आठवडाभर कोष्टकं मांडत बसाल आणि हाती काही लागणार नाही.

सेटिंगच्या आकड्यावरही फार विसंबू नका. तेरा सेटिंग म्हणजे तेरा माणसांची भांडी खरी, पण ती माणसं युरोपातल्या टेबलावर जेवतात. एक मोठी सपाट प्लेट, एक सुपाची, एक छोटी, कप-बशी, ग्लास, काटे-सुऱ्या असा तो हिशेब. आपलं ताट उभ्या काठाचं असतं. ते दांड्यांच्या एका खाचेत उभं केलं की काठ शेजारच्या खाचेत घुसतो आणि एक खाच सोडूनच दुसरं ताट लावावं लागतं. वाट्या तर त्या हिशेबात कुठे धरलेल्याच नाहीत, आणि आमच्याकडे माणशी किमान दोन वाट्या निघतात. घरातल्या पाच माणसांचं रात्रीचं जेवण आणि स्वयंपाकाची भांडी मिळून तेरा सेटिंगचं मशीन आमचं भरतं. ओट्यावर ठेवायचं आठ सेटिंगचं छोटं मशीन मी याच कारणानं विचारात घेतलं नाही. दोघांच्या संसाराला ते पुरत असेल, पण त्यात मोठी कढई टाकली की तिच्याबरोबर दुसरं फारसं काही मावत नाही.

आता ट्रेचे गुण, कारण ते खरे आहेत. चमचे त्यात एकेक करून आडवे निजतात, एकमेकांत अडकत नाहीत, त्यामुळे स्वच्छ निघतात. दह्याचा किंवा मधाचा चमचाही परत बघावा लागत नाही. सुऱ्यांची टोकं वर येत नाहीत. धुऊन झाल्यावर ट्रे उचलून थेट ड्रॉवरपाशी नेता येतो. शिवाय खालच्या रॅकमधली बास्केटची जागा मोकळी होते, तिथे एक पातेलं जास्तीचं मावतं. पहिले काही महिने मी भेटेल त्याला ट्रेवालंच घ्या म्हणून सांगत होतो.

मग फुलपात्रांची तक्रार सुरू झाली. सकाळी मशीन उघडलं की वरच्या रॅकमधली काही फुलपात्रं आणि वाट्या चकचकीत, आणि शेजारच्याच काहींना आतून पिवळसर पापुद्रा, कधी तळाला वाळून चिकटलेली मोहरी. रोज नाही, आठवड्यातून दोनदा-तीनदा. आम्ही पावडर बदलली, मग टॅब्लेट आणून पाहिल्या. गाळणी दर रविवारी काढून धुतली. पाण्याचा जडपणा कमी करणारं मीठ भरलं, चमक आणणारं द्रव वाढवलं. कंपनीचा माणूस येऊन गेला, त्यानं रिकामं मशीन चालवून पाहिलं आणि ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. त्याचं चुकलं नव्हतं. रिकामं मशीन खरोखरच ठणठणीत होतं.

उलगडा झाला तो एका रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा. मशीन नुकतंच सुरू झालं होतं. आतून टक्, टक्, टक् असा आवाज आला आणि थांबला. पाण्याचा आवाज चालू होता, पण तो फिरत नव्हता, एकाच जागी धार मारल्यासारखा येत होता. दार उघडून पाहिलं तर खालच्या रॅकमधल्या बाबांच्या ताटाच्या काठाला वरच्या रॅकखालचा पाण्याचा पंखा, म्हणजे गोल फिरत भांड्यांवर पाणी फवारणारं पातं, अडला होता. पंख्याच्या कडेला त्या जागी चरे पडलेले होते. म्हणजे हे कित्येक महिने चाललं होतं. पंखा जिथे थांबायचा तिथल्या वरची फुलपात्रं चकचकीत व्हायची, बाकीच्यांवर फक्त वाफ आणि गढूळ पाण्याचे शिंतोडे.

कारण साधं आहे, पण दुकानात ते कुणी सांगत नाही. मशीनची आतली उंची ठरलेली असते. तिसरा ट्रे आला की तो आपली उंची वरच्या रॅकमधून घेतो. तांब्या, ताकाचे उंच पेले, तुपाची बरणी मग वरच्या रॅकमध्ये मावेनात, म्हणून आम्ही तो रॅक एक पायरी खाली उतरवला होता. रॅकबरोबर त्याच्या पोटाखालचा पंखाही खाली आला, आणि आमची बारा इंची ताटं बरोबर त्याच्या वाटेत उभी राहिली. रॅक वर घ्यावा तर तांब्या बाहेर, खाली ठेवावा तर ताट अडतं. सपाट नाश्त्याच्या प्लेटा असत्या तर हा प्रश्न जन्मभर आला नसता.

त्यावर उपाय होता, दार लावण्याआधी पंखा हातानं फिरवून बघायचा. आम्ही तसा नियमही केला. पण रात्री साडेदहाला, मुलांची दप्तरं भरून, उद्याच्या डब्याची मटकी भिजत घालून मशीन लावणारं माणूस रोज वेगळं असतं, आणि त्यातलं कुणी तरी विसरतंच. आणि विसरलं की काय व्हायचं हे मला बऱ्याच उशिरा कळलं. आई पहाटे सगळ्यांआधी उठून मशीन उघडायची, खराब राहिलेली फुलपात्रं-वाट्या बाजूला काढायची आणि आम्ही उठायच्या आत सिंकमध्ये घासून ठेवायची. आम्हाला उगीच वाईट वाटू नये म्हणून. जिच्या बोटांसाठी मशीन आणलं ती पहाटेच्या गार पाण्यात भांडी घासत होती. ते कळलं त्या दिवशी माझ्यापुरता निर्णय झाला.

बास्केटवाल्या मशीनमध्ये वरचा रॅक मी कायम सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवला आहे. वर ट्रे नसल्यानं तांब्या आणि उंच पेले तसेही मावतात, आणि खाली बारा इंची ताट पंख्याला न लागता उभं राहतं. इतक्या दिवसांत टक्-टक् ऐकू आलेलं नाही. पाहुणे आले, परात किंवा मोठं पातेलं घालायचं झालं तरी रॅक हलवावा लागला नाही.

त्यात उणं काहीच नाही असं म्हणणार नाही. चमचे बास्केटमध्ये एकमेकांच्या कुशीत शिरतात, म्हणून एक वर तोंड, एक खाली तोंड असे आळीपाळीनं लावावे लागतात. सुऱ्या टोक खाली करून. लोणच्याचा बारीक चमचा दोनदा बास्केटच्या तळातून निसटला आणि खालच्या पंख्याला अडला, तेव्हापासून तो आम्ही वाटीत आडवा ठेवतो. महिन्यातून एखादा चमचा परत विसळावा लागतो. पण चमचा परत विसळणं आणि डझनभर फुलपात्रं परत घासणं यांत मला फार अंतर वाटतं.

ट्रेबद्दल आणखी एक. आपला डाव, झारा, पळी त्यात बसत नाहीत. डावाची वाटी खोल असते, ती वर छताला लागते आणि ट्रे आत सरकत नाही. म्हणजे ट्रे असूनही मोठी चमचेमंडळी वरच्या रॅकमध्येच आडवी पडतात आणि दोन कपांची जागा खातात. काट्या-सुऱ्यांच्या घरात ट्रे भरून जात असेल. आमच्याकडे त्यात दहा-बारा चमचे आणि एक सांडशी असायची, बाकी मोकळा.

खालच्या रॅकचे दांडे मात्र दोन्ही प्रकारांत नीट बघून घ्या. काही मॉडेलमध्ये सगळे दांडे आडवे पाडता येतात, काहींत फक्त अर्धे. कढई, कुकरचं भांडं, इडलीपात्र पालथं घालायला सपाट जागा लागते. माझ्या पहिल्या मशीनमध्ये पुढचे दांडे पक्के होते, कढई त्यांच्यावर तिरकी टेकायची आणि तिच्या कडेखाली तेल राहायचं. आताच्यात सगळे पडतात. ट्रे-बास्केटच्या खालोखाल मी याच गोष्टीला महत्त्व देईन.

बाकी ज्या गोष्टी आहेत त्या दोन्ही प्रकारांना सारख्याच लागू, म्हणून थोडक्यात. वरच्या मजल्यावर राहत असाल आणि टाकी डोक्यावरच असेल तर पाण्याचा दाब आधी तपासा. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो आणि बऱ्याच मशीनना किमान 0.3 ते 0.5 बार लागतो, म्हणजे नळापासून टाकीतल्या पाण्यापर्यंत तीन ते पाच मीटर उंची हवी. नसेल तर छोटा पंप बसवावा लागेल. धरणाचं पाणी येतं तोवर मीठ कमी लागतं. उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरचं पाणी सुरू झालं की मशीनमधली जडपणाची पातळी वाढवायला विसरू नका, नाहीतर काचेवर आणि स्टीलवर पांढरे डाग पडतात. त्यात मीठही डिशवॉशरचंच घाला, जेवणातलं आयोडीनवालं नको. अॅल्युमिनियमचा कुकर आत घालू नका, पावडर अल्कधर्मी असते, तो काळा पडून येतो. पितळ, लोखंडी तवा, लाकडी पोळपाट-लाटणं हीही बाहेरच ठेवा. आणि वाट्यांच्या बुडाच्या खोलगटात दोन्ही मशीनमध्ये पाणी साचतं. आधी खालचा रॅक रिकामा करा आणि मग वरचा, नाहीतर ते पाणी कोरड्या ताटांवर सांडतं.

दुसऱ्या खरेदीला जाताना मी कापडी पिशवीत घरातलं सगळ्यात मोठं ताट, तांब्या आणि डाव घालून नेले होते. दुकानात वरचा रॅक आधी वर, मग खाली करून, ताट उभं लावून पंखा हातानं फिरवून पाहिला. ट्रेवाल्या दोन मॉडेलमध्ये तांब्यासाठी रॅक खाली घेतला की ताट अडलं, एकात निसटतं गेलं. तेव्हा सगळ्याच ट्रेवाल्यांना एका मापानं मोजू नये हेही खरं. माहितीपत्रकात खालच्या रॅकमध्ये किती व्यासाची प्लेट मावते ते दिलेलं असतं. मात्र तो आकडा वरचा रॅक वर असतानाचा आहे की खाली असतानाचा, हे बघा. तुमची ताटं दहा इंची असतील किंवा घरात बहुतेक प्लेटाच वापरत असाल, तर ट्रे जरूर घ्या, चमच्यांचं सुख मोठं आहे.

आमचं जुनं मशीन धाकट्या बहिणीनं ठाण्याला नेलं. तिच्याकडे दोघंच माणसं, काचेच्या सपाट प्लेटा, तांब्या नाही. तिचा वरचा रॅक वरच्या पायरीवर आहे आणि तिची एकही तक्रार नाही. आमच्याकडे मशीन आता मीच सकाळी सातला उघडतो. आई तेव्हा गॅलरीत तुळशीला पाणी घालत असते.