फक्त आगाऊ पैसे मागणारं ऑनलाइन दुकान: जर्मनीत नव्याने आलेल्यांसाठी

जर्मनीत नवीन घर लावत असाल आणि एखादं ऑनलाइन दुकान अगदी शेवटच्या पायरीवर ‘तुमच्यासाठी सध्या फक्त फोरकासे उपलब्ध आहे’ असं सांगत असेल, तर तिथून बाहेर पडा. फोरकासे म्हणजे माल यायच्या आधी सगळी रक्कम बँकेतून थेट त्यांच्या खात्यात. याच पायरीवर आमचे वॉशिंग मशीनचे 429 युरो गेले आणि ते परत आलेले नाहीत.

असली खोटी दुकानं सगळ्यांनाच लुटतात, त्यात जर्मन माणसंही असतात. पण नुकत्याच आलेल्या माणसाला ही शेवटची पायरी विचित्र वाटतच नाही, आणि मला लिहायचंय ते त्याबद्दल.

इथलं भाड्याचं घर म्हणजे पुष्कळदा नुसत्या भिंती. बऱ्याच घरांत स्वयंपाकघरही नसतं, छतावरचे दिवेसुद्धा आधीचा भाडेकरू घेऊन जातो. आमचं मूल लहान, घरात वॉशिंग मशीन नाही, गाडी नाही, भाषा कामापुरती. साहजिकच सगळं ऑनलाइन. आणि ऑनलाइन म्हणजे रोज नवा नकार. इथली सगळ्यात सुरक्षित पद्धत म्हणजे काउफ आउफ रेशनुंग: माल आधी, बिल नंतर. पण ती देण्यापूर्वी दुकान तुमची पत तपासतं, बहुतेक वेळा शुफासारख्या संस्थेकडून. कालपरवा देशात आलेल्या माणसाची तिथे नोंद कुठून असणार? मग पडद्यावर एक सभ्य वाक्य येतं, ‘ही पद्धत आपल्याला देता येत नाही, कृपया दुसरी निवडा’. कारण कोणी सांगत नाही. चांगल्या, नावाजलेल्या दुकानांनीही आम्हाला हेच ऐकवलं होतं.

त्यामुळे त्या खोट्या दुकानाने आधी कार्ड, हप्ते, बिल अशी सगळी चिन्हं दाखवली आणि पैसे भरायच्या वेळी एकेक करून सगळी बंद केली, तेव्हा आम्हाला ते नेहमीचंच वाटलं. इथे अनेक वर्षं राहिलेला माणूस त्या क्षणी सावध होतो, कारण त्याला असा नकार कधी मिळालेलाच नसतो. आमच्यासारख्याला वाटतं, आपण नवीन आहोत, आपल्याला हे असंच मिळणार.

‘नीट तपासलं नसेल’ असं ज्यांना वाटत असेल त्यांच्यासाठी सांगते. आम्ही इम्प्रेसुम उघडून बघितला होता. दुकानाचा मालक, पत्ता, संपर्क ही माहिती साइटवर देणं इथे कायद्याने बंधनकारक आहे, मे 2024 पासून ते जर्मनीच्या डिजिटल सेवा कायद्याच्या कलम 5 मध्ये आहे. या दुकानाचा इम्प्रेसुम अगदी व्यवस्थित होता. त्यात व्यापार नोंदणीचा क्रमांक होता. ही नोंदणी, म्हणजे हांडेल्सरेगिस्टर, ऑगस्ट 2022 पासून कोणालाही ऑनलाइन फुकट पाहता येते. नवऱ्याने तो क्रमांक तिथे टाकला, कंपनी सापडली, नावही तेच आणि गावही तेच. साइटचा पत्ता ‘डॉट डीई’ने, म्हणजे जर्मनीच्या खुणेने, संपणारा. खाली विश्वासार्ह दुकानाचा शिक्का. किंमतही अर्ध्यावर वगैरे आणलेली नव्हती, इतर ठिकाणी साडेपाचशेच्या आसपास मिळणारं मशीन इथे 429 ला. सवलत म्हणून पटण्यासारखी.

पैसे पाठवल्यावर पावती आली, सुबक जर्मनमध्ये. मग ‘गोदामातून निघालं’ अशी मेल. मग ‘वाहतूकदाराकडे कर्मचारी कमी असल्याने उशीर’. पार्सलचा क्रमांक दिला होता, पण तो कुठेच उघडत नव्हता. ‘माहिती यायला काही दिवस लागतात’ हेही त्यांनी आधीच लिहून ठेवलेलं! आज मला कळतं की या मेल आम्हाला धीर देण्यासाठी नव्हत्याच. तेवढ्या वेळात पैसे त्या खात्यातून पुढे सरकत होते.

शेवटी नवऱ्याने साइटवरचा नंबर सोडून दिला आणि त्या कंपनीचा नंबर वेगळा शोधून फोन लावला. फोन उचलणाऱ्या बाईंनी आमचं बोलणं पूर्ण होऊच दिलं नाही. ‘वॉशिंग मशीन ना?’ म्हणाल्या. त्यांची कंपनी खरी, नोंदणी खरी, पण ती बांधकामाच्या कामातली, आणि ऑनलाइन त्या काहीच विकत नाहीत. कोणीतरी त्यांचं नाव आणि क्रमांक उचलून चिकटवला होता आणि रोज त्यांना आमच्यासारख्यांचे फोन येत होते. आवाज थकलेला होता, तरी पोलिसांत कशी तक्रार करायची ते त्यांनी सावकाश, सोप्या जर्मनमध्ये समजावलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मग मी इंटरनेट अर्काइव्हवर त्या साइटचा जुना अवतार शोधला. काही वर्षांपूर्वी त्याच पत्त्यावर एका गावच्या गायनमंडळाचं पान होतं, सरावाच्या वेळा, वार्षिक सभेचे फोटो. मंडळाने पत्ता सोडून दिला आणि भामट्यांनी तो घेतला. जुना, नावलौकिक असलेला पत्ता शोधयंत्रात वर दिसतो म्हणून ही मंडळी असेच सोडलेले पत्ते हेरतात. वॉशिंग मशीन विकणाऱ्या दुकानाच्या पत्त्यात गायनाचा, खेळाच्या क्लबचा किंवा एखाद्या दवाखान्याचा मागमूस दिसला तर तेवढी एक खूण पुरेशी समजा. शिक्क्याचंही तेच. खरा शिक्का दाबला की शिक्का देणाऱ्या संस्थेच्या साइटवर त्या दुकानाचं प्रमाणपत्र उघडतं. आमचा शिक्का म्हणजे नुसतं चित्र होतं.

इथल्या ग्राहक केंद्रांचं, फरब्राउखरझेंट्रालेचं, ‘फेकशॉप-फाइंडर’ नावाचं मोफत पान आहे. दुकानाचा पत्ता टाकला की लाल, पिवळा, हिरवा असं उत्तर मिळतं. हे पान आहे हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. शहरात नाव नोंदवायला गेलं की कचऱ्याच्या डब्यांचे रंग समजावणारी पत्रकं मिळतात, त्यांत हे एक वाक्य का नसावं, असं मला अजून वाटतं.

बँकेत काय झालं ते ऐका. ट्रान्सफर तुम्ही स्वतः मंजूर केलेली असते, आणि ती समोरच्या खात्यात जमा झाली की बँक ती परस्पर मागे घेऊ शकत नाही. ती फक्त समोरच्या बँकेला विनंती पाठवते, आणि खातेदाराने होकार दिला तरच पैसे येतात. भामटा कशाला होकार देईल? तत्काळ ट्रान्सफर केली असेल तर पैसे दहा सेकंदांत पोचतात, म्हणजे फोन उचलेपर्यंत सगळं संपलेलं असतं. तरीही, चुकून कोणी आत्ताच पैसे पाठवून हे वाचत असेल तर वाचणं थांबवा आणि बँकेला फोन करा. साधी ट्रान्सफर अजून निघाली नसेल तर कधी कधी अडवता येते.

आमचा प्रकार 2025 च्या उन्हाळ्यातला. त्यानंतर 9 ऑक्टोबर 2025 पासून युरो वापरणाऱ्या देशांत नवा नियम आला: पैसे पाठवण्याआधी बँक खात्याचा आयबॅन (म्हणजे खाते क्रमांक) आणि नाव जुळतं का ते दाखवते. नाव जुळत नाही असं आलं तर कोणत्याही स्पष्टीकरणाला भुलू नका, ‘आमचा हिशेब विभाग दुसऱ्या नावाने आहे’ हे तर मुळीच ऐकू नका. पण नाव जुळलं म्हणून दुकान खरं ठरत नाही. भामट्यांनी ज्याचं खातं भाड्याने घेतलंय त्या माणसाचं नाव दिलं तरी ते जुळतंच. तिथे दुकानाचं नाव आहे की एखाद्या व्यक्तीचं, हे बघा.

आता बिलावर माल मिळत नसेल तर करायचं काय? लास्टश्रिफ्ट, म्हणजे दुकानाने तुमच्या खात्यातून रक्कम ओढून घेणं, ऐकायला भीतीदायक वाटतं, पण ते ट्रान्सफरपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. ओढलेली रक्कम आठ आठवड्यांच्या आत कारण न देता बँकेकडून परत मागता येते. (खऱ्या दुकानाच्या बाबतीत हे करू नका, वर दंड लागतो.) कार्डाने दिलेले पैसे बँकेमार्फत परत मागण्याची सोय बहुतेक कार्डांवर असते. पेपाल वापरलंत तर ‘मित्र आणि कुटुंब’ हा पर्याय कधीही निवडू नका, त्यावर खरेदीचं संरक्षण नाही. आणि मोठ्या वस्तूंसाठी मी आता एकच सांगते: ज्या दुकानाची तुमच्या शहरात शाखा आहे तिथे ऑनलाइन नोंदवा आणि पैसे शाखेत जाऊन द्या. आमचं मशीन शेवटी असंच आलं.

इथे खऱ्या दुकानाकडून ऑनलाइन घेतलेला बहुतेक माल हातात पडल्यापासून चौदा दिवसांत कारण न देता परत करता येतो. हा हक्क उत्तम आहे, पण तो बजावायला समोर कोणीतरी अस्तित्वात असावं लागतं.

पोलिसांत तक्रार करायला घाबरू नका, हे मी कळकळीने सांगते. आमच्या ओळखीतल्या दोघांनी फसूनही तक्रार केली नाही, का, तर व्हिसावर परिणाम होईल. गुन्ह्याला बळी पडल्याने राहण्याच्या परवान्याला काहीही होत नाही. तक्रार राज्याच्या पोलिसांच्या ऑनलाइनवाखेवर, म्हणजे ऑनलाइन चौकीवर, घरबसल्या करता येते, पैसे लागत नाहीत. साइट बंद व्हायच्या आत तिचे, इम्प्रेसुमचे, ऑर्डरचे फोटो काढून ठेवा, सगळ्या मेल आणि ट्रान्सफरची पावती जोडा. तुम्हाला एक आक्टेनत्साइखेन, म्हणजे प्रकरण क्रमांक, मिळेल. पुढे बँक किंवा विमा कंपनी तोच मागते. आमच्या प्रकरणात काही महिन्यांनी आरोपी सापडत नसल्याने तपास थांबवल्याचं पत्र आलं. ते वाचून मी रडले, हे खरं आहे. पण ती तक्रार केल्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. त्या खात्यात पैसे पाठवणाऱ्या प्रत्येकाची तक्रार त्या एकाच आयबॅनशी जोडता येते.

एका गोष्टीतून मात्र आम्ही थोडक्यात बचावलो. पैसे गेल्यावर त्यांनी ‘माल सुपूर्द करण्यासाठी’ पासपोर्टची आणि घर नोंदणीच्या कागदाची प्रत मागितली होती. तोवर खऱ्या कंपनीशी फोन झाला होता म्हणून आम्ही ती दिली नाही. कोणी दिली असेल तर तक्रारीत ते स्पष्ट लिहा. शुफाकडे ओळखपत्राचा गैरवापर झाल्याची नोंद करता येते, आणि युरोपच्या डेटा संरक्षण नियमाच्या कलम 15 खाली तुमच्याबद्दलच्या नोंदींची मोफत प्रतही मागवता येते. तिच्यात तुम्ही कधी न केलेली खरेदी किंवा न उघडलेलं खातं दिसलं तर त्या कंपनीला प्रकरण क्रमांकासह लगेच लेखी कळवा, वसुलीचं पहिलं पत्र येण्याची वाट बघू नका.